टी.वाय. केमिस्ट्रीत एकटी

उद्देश

"सुमेधाताई, तू आजच्या प्रॅक्टिकलला पास झालीस की लॅबला टाळं," कुशाबा परीक्षानळ्या पुसत म्हणाला. पंचवीस वर्षं तो इथला शिपाई. "हेरंब सर जातील घरी गिरगावला, मी लालबागला. बसतो बायकोशी भांडत."

"माझ्याशी हरता तसे तिकडेही हराल, मामा."

परळच्या त्या कॉलेजात टी.वाय. केमिस्ट्रीला एकटी सुमेधा उरली होती. नवे प्रवेश बंद झाले होते. शेवटचा विद्यार्थी पास होईपर्यंत विभाग चालू ठेवायचा, एवढाच नियम.

सुमेधाला वरळीत नोकरी लागत होती. अट एकच, जूनपर्यंत डिग्री.

साहित्य

वीस रिकामी टेबलं. एक बर्नर. एका बाटलीत पांढरी पूड, नाव ओळखायचं.

बाहेरचे परीक्षक आलेच नव्हते. नेहमीसारखे कोऱ्या फॉर्मवर आधीच सह्या करून मोकळे झाले होते.

कृती

हेरंब सर खिडकीशी डबा खात होते. बायको गेल्यापासून ते इथेच जेवायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

"सर, विभाग बंद झाल्यावर काय करणार?"

"झोपेन. मग उठेन." ते हसले. "माझ्याकडे काय बघतेस? ज्योत बघ."

निरीक्षण

ज्योत किरमिजी झाली. स्ट्रॉन्शियम.

नळीत आम्ल हळूच सोडलं, तसं मधोमध तपकिरी कडं उमटलं. नायट्रेट.

उत्तर कळलं आणि पेन थांबलं. एक चुकीचं नाव लिहिलं तर सरांना अजून एक वर्ष मिळणार होतं. डबा खायला जागा. बोलायला कुणीतरी.

तिने 'बेरियम' लिहिलं.

मग नायगावची खोली आठवली. हिंदमाताच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावत बसलेली आई आठवली. तीन वर्षं, वाकलेली मान.

तिने 'बेरियम' खोडलं.

निष्कर्ष

स्ट्रॉन्शियम नायट्रेट.

सरांकडे न बघता तिने पेपर दिला.

"बरोबर," सर म्हणाले. "एकदम बरोबर."

"सॉरी, सर."

"सॉरी कसलं, वेडे? जा. आई वाट बघत असेल."

कुशाबा जिन्यापर्यंत सोडायला आला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "विसरू नको गं आम्हाला."

सुमेधा दोन मजले रडत उतरली. आपण स्वार्थी आहोत, असं तिला वाटत राहिलं.

वर कुशाबाने दार लावून घेतलं. सरांनी पेपरचे बारीक तुकडे करून बेसिनमध्ये टाकले. कुशाबाने नळ सोडला. मग सरांनी चष्मा पुसला आणि विद्यापीठाला पाठवायच्या अहवालात स्वच्छ अक्षरात लिहिलं : परीक्षार्थी एक, गैरहजर एक.