ग्रामोफोनचं हँडल

"आता कुणी बोलायचं नाही," चष्मेवाल्यांनी फर्मान काढलं आणि खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढली, की मागे बसलेल्या बायकोला आणि सुनेला त्यांच्या टकलाशिवाय काही दिसेना.

आज मालिकेत त्यांचा ग्रामोफोन येणार होता. चावीचा, पितळी कर्ण्याचा, वडिलांच्या वेळचा. भाडं म्हणून एक छदामही त्यांनी घेतला नव्हता. अट एकच घातली होती. नायिकेने तबकडी लावण्याआधी हँडल फिरवून चावी द्यायची, आणि ते पडद्यावर दिसलं पाहिजे. यंत्र न्यायला आलेल्या माणसाला हे त्यांनी इतक्या वेळा समजावलं, की तो बिचारा अर्धा चहा टाकून उठला.

त्यांचंही काय चुकलं म्हणा. जुन्या काळचा कुठलाही सिनेमा घ्या, कोपऱ्यात ग्रामोफोन असणारच आणि त्यात काहीतरी घोळ असणारच. कुठे पिन तबकडीच्या बाहेर, कुठे हँडलच्या जागी नुसतं भोक. आणि चावी तर बोंबलायला कुणीच देत नाही. नायकाने पिन टेकवली की गाणं सुरू, यंत्र जसं काही त्याच्या बापाचा नोकर. असं काही दिसलं की चष्मेवाले तडक दंतवैद्याला फोन लावायचे. हे खूळ असलेला गावात दुसरा तोच एक. मग दोघे मिळून सिनेमावाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि घरात कुणाला एक सिनेमा धड बघता यायचा नाही.

आज दुपारीच त्यांनी त्याला बजावलं होतं, "संध्याकाळची मालिका बघ. ग्रामोफोनमध्ये एक चूक काढून दाखव, मिशी उतरवीन." यंत्र आपलं आहे हे मुद्दाम सांगितलं नव्हतं, आणि घासूनपुसून झळाळलेलं ते त्याला ओळखूही येणार नव्हतं. आधी त्याच्या तोंडून कौतुक ऐकायचं, मग सांगायचं, असा बेत होता.

नायिका खोलीत आली. तिने डोळे टिपले आणि ग्रामोफोनपाशी जाऊन उभी राहिली. कर्णा झळाळत होता. चष्मेवाल्यांचा ऊर भरून आला. कॅमेरा हळूहळू पेटीच्या उजव्या बाजूला सरकला. तिथे हँडल नव्हतं. काळं भोक होतं.

नायिकेने पिन टेकवली. तबकडी जागची हलली नाही. गाणं सुरू झालं.

"गाणं छान आहे पण, बाबा," सून चाचरत म्हणाली.

"हरवलं," चष्मेवाले ओरडले. "गाढवांनी हँडल हरवलं. कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्या माणसाचा नंबर कुठंय? सोलून काढतो त्याला." वडिलांची वस्तू, आणि जन्मात एकदा ती नीट दिसायची वेळ आली होती.

बायको उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्यांच्याच जुन्या मफलरची गुंडाळी होती. ती तिने त्यांच्या मांडीवर ठेवली. आत हँडल होतं.

"यंत्र हलवायचं तर आधी हँडल काढून वेगळं ठेवायचं, नाहीतर आटे खराब होतात," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून ऐकतेय."

त्यांनीच ते काढलं होतं. निघताना त्या माणसाच्या हातात देऊ म्हणून त्यांनीच गुंडाळून ठेवलं होतं. मग अट समजावण्याच्या भरात राहून गेलं.

"शूटिंगच्या दिवशी त्याचा दोनदा फोन आला होता. 'काकांना एक विचारायचंय' म्हणत होता. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय ना?"

आठवत होतं. एकदा सांगितलेलं कळत नसेल तर मालिका कशाला काढता, म्हणावं. एवढं बोलून त्यांनी फोन हातात घ्यायचंही नाकारलं होतं. आता संताप तेवढाच होता, फक्त तो काढायला माणूस उरला नव्हता.

फोन वाजला. दंतवैद्य होता. हसून हसून त्याला ठसका लागला होता.

"बघितलंस ना? नुसतं भोक. म्हणे चूक काढून दाखव. वस्तरा परजून ठेव, उद्या येतो मी. पण यंत्र काय देखणं होतं रे. असं यंत्र बाळगणाऱ्याला एवढीही अक्कल नसावी?"

चष्मेवाल्यांनी सुनेकडे पाहिलं. ती घाईघाईने टीव्हीकडे बघू लागली.

"देखणं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"होतंच. मालक मात्र गाढव."

"हो," चष्मेवाले म्हणाले. "गाढवच आहे."

पलीकडून दंतवैद्य बोलतच राहिला. ते फोन कानाशी धरून ऐकत होते, आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवत होते. हवेतच, सावकाश, जसं फिरवायला हवं तसं.

"पुरे आता," बायको म्हणाली. "जास्त चावी दिली की स्प्रिंग तुटते."