सैल नट

शिवलीलेच्या डोक्यावर पाइपाला टांगलेल्या दिव्याचा नट तिसऱ्यांदा सैल झाला, तेव्हा तिची आई महानंदाअक्का उठल्या. श्रावणातला निर्जळी सोमवार, घशाला कोरड, आणि लातूर नवा जिल्हा झाला म्हणून उघड्या मैदानाच्या कडेला मंच बांधून चाललेली ही नाटकाची तालीम.

"मलप्पा, दुसरा क्लॅम्प लाव की रे."

"अक्का, आता दुकानात बदलायला काई राहिलं न्हाई," दिवे बांधणारा मलप्पा शिडीवरून म्हणाला. "जाड बोल्ट झाला, डबल नट झाले, वरून साखळी बांधली. आता म्हैस टांगा, पडायची न्हाई."

अक्कांनी लेकीला चार पावलं बाजूला उभं केलं. थोड्या वेळानं किर्र वाजलं. आता त्या जागेवरच्या दिव्याचा नट फिरत होता. वारा तर दोन दिवसांपासून पडलेला.

मलप्पा खाली उतरला.

"शिवे, तू जा बाई," अक्का म्हणाल्या. "तिकडं मोकळ्यावर बस."

शिवलीला कंटाळून मैदानाच्या मधोमध जाऊन बसली. अक्का तिच्या जागेवर उभ्या राहिल्या. शिवाचं नाव घेत त्यांनी वर पाहिलं. एकही नट हलत नव्हता. त्यांचा जीव जरा भांड्यात पडला.

तेवढ्यात किर्र वाजलं, पण समोरून.

मैदानात शिवलीला मान वर करून बघत होती. तिच्या डोक्यावर ना पाइप होता, ना दिवा. नुसतं पांढरं, कोरडं आभाळ होतं, आणि त्यातून काहीतरी सावकाश सैल होत होतं.