आरपार

"बघा, गेला! आणि ह्यो दुसरा!"

गल्लीतला नागेंद्र काचेच्या पेटीवर टॉर्च धरून ओरडला. निपाणीतल्या मालुबाईच्या सोप्यात बिड्या वळणाऱ्या पाच बायका हातातलं काम सोडून वाकल्या. दार लोटून केलेल्या अंधारात, पेटीतल्या गार वाफेत एक पांढरी रेघ उमटली नि विरली. मोबाईलवर बघून बघून त्यानं पेटी स्वतः बनवलेली. तीनदा फसलेली. आज पहिल्यांदाच कुणाला दाखवत होता.

"लांब कुठंतरी तारा फुटतोय. तिथनं निघाल्यालं हवेवर आदळतंय, त्यातनं ह्ये कण. ही रेघ म्हंजे त्येंची वाट. असले कण धरधरूनच जग कसं सुरू झालं ते हुडकायलेत लोक. भिंत म्हणू नका, पत्रा म्हणू नका, सगळ्यातनं आरपार! आत्ता आपल्यातनं बी जायलेत."

"आमच्या घरधन्याच्या डोस्क्यातनं तर सरळ जात असतील," मालुबाई म्हणाली. "मधी अडायला हायच काय!"

सोप्यात हशा पिकला. नागेंद्रही हसला.

"भावजी," मालुबाईची सून पूर्णिमा पहिल्यांदाच बोलली, "पोटातनं बी जात्यात?"

असं कुणीतरी विचारावं म्हणून तर तो आलता. "व्हय की वैनी! पोटातनं, हाडातनं, रात्रंदिवस. कोण थांबवतंय त्यास्नी?"

हसू थांबलं. मग त्याचं लक्ष तिच्या पोटाकडं गेलं. सहावा महिना तरी असेल.

"दोनदा पोट पडलंय हिचं," मालुबाई हळू म्हणाली. "ह्या कणांनीच पडलं का रं त्ये?"

"न्हाय, न्हाय! काय करत न्हाईत ते. माणूस झाल्यापास्नं जायलेत आपल्यातनं."

"दिसत न्हाईत, टोचत न्हाईत. मग काय करत न्हाईत ह्ये तुला कसं कळलं?"

उत्तर होतं त्याच्याजवळ. लांबलचक. तेवढ्यात कुणीतरी उठून दार उघडलं. उन्हाच्या पट्ट्यात तंबाखूची धूळ तरंगत होती, पार पूर्णिमाच्या तोंडापर्यंत. तिला ठसका लागला.

"वैनी, त्यापरास ह्यी तमाखू..."

"तमाखूचं सांगू नगंस," मालुबाई म्हणाली. "तिच्यावर घर चालतंय."

नागेंद्रनं टॉर्च बंद केला.

पूर्णिमा भिंतीला टेकून बसली. वर पत्र्याकडं एकदा बघितलं. मग तंबाखूनं भरलेलं सूप मांडीवर ओढलं, आणि दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट आवळून धरलं.