दाराची साक्ष

सांगून कुणाला पटणार नाही, पण त्या काळी चंद्रावरची गाडी थेट चिपळूण स्टँडला लागायची. तिथल्या खाणीत वर्ष काढून दिगंबर घरी आला, त्याला आता अठरा आठवडे झाले होते.

आज त्याची बायको वृषाली भाजी घेऊन घरात शिरली, तर दाराच्या चौकटीतलं, येणाऱ्याजाणाऱ्याची तब्येत तपासणारं यंत्र अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोललं, "अभिनंदन! गरोदरपणाचे वीस आठवडे पूर्ण."

सासूबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "वीस? दिगू येऊन तर अठराच झाले!"

वृषालीच्या अंगाची लाही लाही झाली. "पोट माझं आणि साक्ष दाराची? आणि अहो, तुम्ही काय चपला बघत बसलाय?"

दिगंबर चपला उचलून नीट ओळीत लावू लागला. "दार कशाला कुणाची बाजू घेईल?" सासूबाई म्हणाल्या.

तशी नणंद कुंदा उठली आणि तिने चौकटीवर थाप मारली. "काय रे, कधीपासून मोजलंस?"

"शेवटच्या पाळीपासून. तसाच नियम आहे."

"आणि गर्भ कधी राहिला?"

"त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी."

"ऐकलंस, आई?" कुंदा आळीला ऐकू जाईल अशी ओरडली. "पोटात कुणी नव्हतं तेव्हाचे दोन आठवडेसुद्धा धरलेत मेल्याने! खोटारडा कुठला!"