कालचे हातमोजे
प्रयोगशाळेत शिवांजलीने जंतू वाढवायची रक्त घातलेली बशी उजेडात धरली. म्हशीची कास सुजवणाऱ्या जंतूत आरएनएचा इवलासा तुकडा असतो. विष बनवायचा निरोप निघाला, की हा त्याला चिकटतो, विष बनतच नाही. परवा तिने प्रयोगासाठी तोच तुकडा छाटला होता. आता जंतूभोवतीचं रक्त विरघळून बशी आरपार दिसत होती; म्हणजे माणसालाही बाधणारं विष मोकाट बनत होतं. जंतू हाताळलेले कालचे हातमोजे जाळायला हवेत म्हणून तिने कचऱ्याचा डबा उघडला, तर रिकामा! “मावशी, हातमोजे?” झाडू थांबवून धोंडुबाई हसल्या. “एवढं चांगलं हातमोजं टाकतासा व्हय? घरी न्हेलं की. त्येच घालून पहाटं धार काढली.” “दूध तापवलंत ना?” “तापवतंय कोण? तालमीतली पोरं गोठ्यातच कच्चं पित्यात की. तुमचा भाऊबी आलता.” सकाळी त्याच्या मिशीवरचा दुधाचा फेस तिनेच ओढणीने पुसला होता.