पहिला मानकरी

तंगमणीनं नवऱ्याची दारू सोडवली ती ना शपथेनं, ना औषधानं. त्याच्या सुतारकामाची मजुरी तिनं बँकेत वळवली आणि वेलप्पनच्या हाती नुसतं कार्ड दिलं. ते दुकानातल्या मशीनला टेकवलं की चहा मिळे, मासळी मिळे. रोकड काढायचा गुप्त आकडा मात्र तिनं आपल्याच पोटात ठेवला. आणि सरकारी दारूदुकानाला रोकडीशिवाय काही कळत नसे. सात महिने झाले, वेलप्पन संध्याकाळी देवळात हरिकथेला झांजा धरून बसू लागला होता. तिला वाटे, देव गुरुवायुरप्पन पावला.

आज तो मत्ती मासळी आणायला गेला आणि बऱ्याच वेळानं शेजारची सरोजिनी धावत आली.

"अगं, दारूदुकानात आजपासून कार्ड चालतं म्हणे! मंडप घातलाय, नादस्वरम वाजतंय, मोठे साहेब आलेत."

"वा! आपण तीन वर्षं पाण्याचा नळ मागतोय, त्याला कुणी मंडप घातला नाही!" तंगमणी बोलली खरी, पण वेलप्पनच्या खिशातलं कार्ड तिला आठवलं. ती तशीच निघाली.

फाटकातच वेलप्पन भेटला. गळ्यात भलामोठा हार, पिशवीत मत्तीऐवजी अर्धी उरलेली बाटली.

"मी रांगेत नव्हतोच गं," तो रडवेला होऊन म्हणाला. "साहेबांनी मशीन चालू करायला गिऱ्हाईक मागितलं..."



"...आणि अख्ख्या रांगेत एकाकडेही कार्ड निघालं नाही, म्हणून मला रस्त्यावरून बोलावून नेलं."