बाईंची खुर्ची

वर्गात हौसा पाटीची पेन्सिल कुरतडताना सापडली आणि बाईंना तिचे डोहाळे कळले. नवरा पलटणीत, ती माहेरी सातवीत शिकत होती. “आवं बाई, शाळंतनं काढू नगासा. मला फायनलला बसायचं हाय,” ती रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी बाईंनी हौसाला बस्करावरून उठवून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभ्यानं शिकवू लागल्या. तेवढ्यात हेडमास्तर दारात आले. अख्खा वर्ग ताडकन उभा राहिला. हौसाही धडपडत उठू लागली, तोच बाईंचा हात खांद्यावर पडला. “तू बसूनच नमस्कार कर.” पोटुशी पोर वर्गात नको, असं हेडमास्तरांनी बाईंना बजावलेलं हौसानं सकाळीच ऐकलं होतं. ते तिच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. मग शिपायावर खेकसले, “बाई उभ्या का? माझी खुर्ची आण!” हौसाचे हात काही सुटेनात.